वळणावरच्या स्वयंपाकघरातून

"मावशी, कॅन्सल करूया का?"

"काहून? लोक आले, खुर्च्या मांडल्या, आणि आता कॅन्सल?"

शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या लायब्ररीत नीलामावशी मला झापत होती. मावशी मूळची नागपूरची. इथे येऊन निम्मं आयुष्य लोकांचे डबे करण्यात गेलं. तिच्या इमारतीतली, वरच्या मजल्यावरची मोरीनआजी तिची चहाची मैत्रीण. आज मोरीनआजी आयर्लंडमधल्या जुन्या गावातल्या आपल्या बोळाची गोष्ट सांगणार होती. वर्षभर वाट पाहिली, आणि नेमका आज घसा बसला! मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसली होती, रडवेली.

"मी सांगते. माझं इंग्लिश कसंही असो, बोळ पाठ आहे!"

आणि मावशी सुटलीच. "लेडीज अँड जेंटलमेन, खुर्च्या जवळ घ्या! आणखी! हा एवढाच बोळ. इथे वळण, वळणावर मोरीनचं घर. मोठी वस्तू वळतच नाही! मग? मोरीनच्या दारातून आत, स्वयंपाकघरातून, पलीकडच्या खिडकीतून बाहेर! ए अमेय, ते टेबल उचल. तुम्ही पण, टोपीवाले!"

मावशीचा मुलगा अमेय आणि एक टोपीवाले आजोबा टेबल घेऊन खुर्च्यांमध्ये घुसले.

"आधी बोळात मेणबत्त्या करणारे होते. त्यांची पिंपं याच घरातून गेली. मग बूट शिवणारे आले. त्यांच्या सुनांचे पलंग गेले, म्हाताऱ्यांच्या शवपेट्या गेल्या. आणि मोरीनची आई दर वेळी एकच ओरडायची..."

"कप सांभाळा!" टेबलाच्या दुसऱ्या फेरीपासून मावशीबरोबर अख्खी लायब्ररी ओरडायला लागली.

"मग लोक बोटीने अमेरिकेला निघाले. बोळ रिकामा. शेवटी मोरीनची ट्रंक निघाली! आई ओरडली..."

"कप सांभाळा!"

मोरीनआजीने जोरजोरात मान हलवली. नाही! ती उठली. आवाज कसला, नुसती खरखर.

"त्या दिवशी आई ओरडली नाही. घरातले सगळे कप तिने जमिनीवर मांडून ठेवले होते. दारापासून खिडकीपर्यंत."

मावशीचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! हे मला कधी बोलली नाहीस! मग?"

"मग काय? ट्रंक दारातच थांबली. एकेक कप मलाच उचलायला लावला."

टोपीवाले आजोबा टेबल टेकवायला लागले.

"अहो, खाली कुठे ठेवता?" मावशी कडाडली. "ती अजून कप उचलतेय!"