पूजेपुरतं आणलेलं यंत्र

त्या शिक्षिकाबाई पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या आठवल्या, की आजही माझं डोकं तापतं. नव्वदच्या दशकात मी अंबरनाथला तपास अधिकारी होतो. मांजर्लीतले शेजारी बाईंना जवळजवळ ओढतच घेऊन आले होते.

"हिनंच पैसे गोळा केले, साहेब. आधी हिला आत टाका!"

एका इसमानं अंबरनाथला प्लॅस्टिकचा कारखाना काढतो म्हणून कंपनी स्थापन केली. बाईंच्या शब्दावर सगळ्या गल्लीनं शेअर घेतले आणि थोड्याच दिवसांत कारखान्याच्या गाळ्याला कुलूप लागलं. बाईंची स्वतःची पुंजीही त्यातच बुडाली होती, पण ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

आरोपीला कल्याणहून उचललं. कंपनी निबंधकांकडे चौकशी केली, तर लोकांकडून पैसे मागण्याआधी द्यायचं माहितीपत्रक नाही आणि शेअर वाटल्याची सूचनाही नाही.

"नवा धंदा आहे, साहेब. पेपर भरायचे राहिले. फाइन भरतो ना!" तो पाय हलवत म्हणाला. "पैसे बाईंनी जमवले, त्यांना विचारा."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हात आवरला आणि बाईंना विचारलं, "कारखाना चालू आहे हे कशावरून धरलंत?"

"दसऱ्याला मशीनची पूजा झाली ना, साहेब! आम्हा नवराबायकोलाच बसवलं होतं. अख्खी गल्ली आली होती प्रसादाला."

आमच्याकडे यंत्राला झेंडूचा हार पडला, की कारखाना सुरू झाला असं लोक समजतात. यंत्र कोणाचं, हे विचारणं त्या वेळी अपशकुनी वाटतं.

गाळ्याच्या वॉचमननं माझ्या हवालदाराला हळूच सांगितलं, की यंत्र सकाळी टेम्पोतून आलं आणि संध्याकाळी परत गेलं. टेम्पोवाल्याला गाठून आम्ही उल्हासनगर कॅम्प एकमधल्या जुन्या यंत्रांच्या सिंधी व्यापाऱ्याकडे पोचलो.

"मशीन मेरी है, साईं. एक दिन भाड़े पे ले गया. बोला, पूजा करनी है."

व्यापाऱ्याला समोर उभं केल्यावर आरोपीचे पाय थांबले.

"पूजा केली नसती तर पैसे कोण देणार होतं, साहेब? बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं," तो बोलून गेला. फसवणुकीचा गुन्हा पक्का झाला.

निबंधकांकडचं माहितीपत्रक म्हणजे नुसती खर्डेघाशी, असं म्हणणारे शहाणे मला पुढेही भेटले. त्यांची चीड येते. पैसे देण्याआधी एकानं जरी त्याची चौकशी केली असती, तरी हा भामटा तिथेच उघडा पडला असता.

पण खरा संताप येतो तो त्या गल्लीचा. बाई निर्दोष आहेत, हे मी स्वतः मांजर्लीत जाऊन सर्वांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या संक्रांतीला एकाही घरानं बाईंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही.