उशाशी उदबत्ती नको

सकाळी बोरिवलीहून वहिनींच्या शेजारणीचा फोन आला, तेव्हा मी मुलुंडला आमच्या घरी डबे भरत होते. "काकी, लवकर या… वहिनी उठतच नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. गॅसवर चहा उकळून उकळून करपला होता, त्या जळक्या वासानं तिनं बेल वाजवली, मग तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. वहिनी ओट्याला टेकून खाली बसलेल्या होत्या, झोप लागल्यासारख्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. आता महिना उलटून गेला, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा वासच आठवतात.

सुमनवहिनी ही माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही सगळे जोगेश्वरीला नाल्याकाठच्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या, दोघे भाऊ, दोघी जावा, सासूसासरे. खिडकी उघडली की नाला थेट घरात. पण दिवेलागणीला वहिनी नारळाची करवंटी गॅसवर धरून पेटवायच्या, तिचा निखारा धुपाटण्यात टाकायच्या आणि वर उदाची चिमूट. तो धूर घेऊन त्या कोपऱ्याकोपऱ्यात फिरायच्या, पलंगाखाली, कपाटामागे, माझ्या ओल्या केसांतूनसुद्धा. माठात वाळ्याची जुडी, साड्यांच्या घडीत सुकलेली बकुळ, आणि गावाहून कोणी आलं की केसांत माळायला सुरंगीच्या फुलांचा वळेसर. माहेरून आलेल्या मला पहिल्या संध्याकाळी त्या नाल्यानं मळमळलं होतं. वहिनींनी ते ओळखलं, धुपाटणं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "घे गो, श्वास घे. हयसर आपलो वास आपणच करूचो लागता." दादा, म्हणजे माझे मोठे दीर, तंबाखू मळत दारातून ओरडायचे, "अगो, माका धुरी देऊन पळवतंस काय?" गडगडाटी आवाज होता त्यांचा. दिवसभर कारखान्यात लेथवर आणि संध्याकाळी भजनी मंडळात. अभंग उचलला की पलीकडच्या चाळीतली माणसं गॅलरीत यायची.

पुढे चाळ गेली. आम्ही मुलुंडला आलो, वहिनी आणि दादांनी बोरिवलीला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रसाद शिकून बंगळुरूला नोकरीला लागला. सगळं मार्गी लागलं म्हणता म्हणता दादांच्या गालात आतून एक चट्टा आला. वहिनी मागे लागल्या, दादांनी चालढकल केली, आणि दाखवायला गेले तेव्हा उशीर झाला होता. ऑपरेशन झालं, शेक दिले. वर्षभर बरं गेलं आणि मग तो रोग परत आला, तो गाल फोडूनच. भजन गाणारा माणूस बोलायचाही बंद झाला. दुधापाण्याची नळी, गालावर पट्टी, आणि हातात प्रसादच्या लहानपणची पाटी. काय हवं ते लिहून दाखवायचे.

त्या जखमेला वास यायचा. हे लिहू नये असं वाटतं, पण लिहिलं नाही तर वहिनींनी काय सोसलं ते कळणार नाही. जिन्यापर्यंत यायचा. दिवसातून कितीदा तरी वहिनी पट्टी बदलायच्या, डॉक्टरांनी दिलेली पूड भरायच्या, चादरी उकळायच्या, तरी तो हटायचा नाही. मंडळातली माणसं भेटायला यायची, ती बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खुर्च्यांवर टेकायची, तिथूनच हात जोडायची. एकजण नाकाला रुमाल लावून जो उठला, तो पुन्हा आलाच नाही. तेव्हापासून वहिनींनी घर सुवासांनी भरून टाकलं. चंदनाच्या उदबत्त्या, मोगऱ्याच्या, लोबानच्या कांड्या, निलगिरीचं तेल, मोरीत सुगंधी वड्या. प्रसादनं बंगळुरूहून प्लगला लावायचं एक यंत्र पाठवलं होतं, ते मिनिटामिनिटाला फुस्स करून गुलाब उडवायचं. तो गुलाब आणि ती जखम मिळून जो काही वास व्हायचा… तो नुसत्या जखमेपेक्षा भयंकर होता. पण वहिनींना हे कोण सांगणार? आजाऱ्याला भेटायला माणसं मोसंबी घेऊन जातात. दादांना भेटायला येणारे हळूहळू उदबत्तीचे पुडे आणायला लागले. वहिनी ते हसून घ्यायच्या, "बरा केलास हां," म्हणायच्या आणि कपाटात रचून ठेवायच्या.

काडी ओढल्याचा आवाज झाला की आतल्या खोलीतून दादा पाटी उंच धरायचे: "कोण येतंय?" त्यांना सवयच झाली होती, उदबत्ती म्हणजे पाहुणा. वहिनी नाव सांगायच्या. मग ते पट्टीवरून उपरणं ओढून घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

एका दुपारी मी तिथेच होते. बऱ्याच दिवसांत कोणी फिरकलं नव्हतं. वहिनींनी आतल्या खोलीत येऊन दोन उदबत्त्या लावल्या. दादांनी पाटी धरली, "कोण येतंय?"

"कोण नाय ओ. अशीच लावली."

दादांनी पाटी पुसली. बराच वेळ त्यांची पेन्सिल पाटीवर टेकलेली होती. मग त्यांनी लिहिलं आणि पाटी वहिनींकडे फिरवली. मी दारात उभी होते, मलाही दिसलं.

"म्हणजे तुझ्यासाठी."

दादांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच बघवत नव्हतं. वहिनींनी दोन्ही उदबत्त्यांची पेटती टोकं बोटांनी चुरगळून विझवली. कपाटातले सगळे पुडे, तेलाच्या बाटल्या, ते यंत्र, सगळं एका पिशवीत कोंबलं आणि पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सुलू, ह्या खाली नेऊन टाक. एक पण ठेवू नको." मी कचऱ्याच्या डब्यात टाकून वर आले तेव्हा घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. वहिनी स्वतःचं ताट घेऊन पलंगावर चढल्या होत्या. दादा आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, भिंतीला टेकून, त्या जखमेच्या बाजूला बसून भात कालवत होत्या. दादा हातानं 'जा, जा' करत होते. वहिनींनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "नाकाक सवय होता ओ," त्या म्हणाल्या, "आता माका घालवू नका." दादांच्या पट्टीची कड भिजली.

त्यानंतर दादा फार जगले नाहीत. पण शेवटपर्यंत वहिनी तिथेच जेवल्या, तिथेच झोपल्या. येणारे आणखी कमी झाले. अखेरच्या दिवशी तर आम्ही दोघी आणि माझे यजमान, एवढेच होतो. प्रसादचं विमान उतरलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांचं काय झालं, हे वहिनींनी मुलाला कधी सांगितलं नाही. फोनवर त्या नेहमी "बाबा झोपलेत" एवढंच म्हणायच्या.

पुढची सगळी वर्षं त्या घरात उदबत्ती पेटली नाही. देवापुढे निरांजन, बस. गणपतीतसुद्धा नाही. नातेवाईक कुजबुजायचे. मला मात्र एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या होत्या, "मी गेलंय ना, तर माज्या उशाक ह्या काय एक लावू नको. ज्याका वास येता, तेना लांब बसूचा."

म्हणूनच त्या सकाळी मी बोरिवलीला पोचले आणि बघितलं, वहिनींना बाहेरच्या खोलीत निजवलंय, उशाशी तांदळांनी भरलेली वाटी आणि त्यात उदबत्त्यांचा अख्खा पुडा धगधगतोय, तेव्हा मी पुढे होऊन वाटी उचलली. आमच्या आत्याबाई, सासऱ्यांची बहीण, माझ्यावर कडाडल्या, "सुलभा! काय करतंस तू? मेल्या माणसाच्या उशाकची उदबत्ती हलवतंस?"

"आत्या, वहिनींनी सांगून ठेवलंय. नको म्हणून."

"तिचा डोक्या फिरला होता नवरो गेल्यापासून. ठेव ती खाली!"

माणसं माझ्याकडे बघायला लागली. वाटी माझ्या हातात, धूर माझ्याच डोळ्यांत. मी ती गॅलरीत नेऊन ठेवली, तर आत्याबाईंनी उशाशी दुसरी वाटी भरून उदबत्त्या पेटवल्या; प्रसाद दुपारच्या विमानानं पोचेपर्यंत हेच चाललं. तो आला, आईच्या पायांशी बसला, रडला, आणि मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "काकी, काय भांडण चाललंय? आई असं का म्हणाली होती?"

त्याला सांगावंच लागलं. पाटीवरचे शब्दसुद्धा. तो ओट्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "ते मशीन मी पाठवलं होतं…"

"तुला काय माहीत, बाळा."

"मी लांबून पाठवलं, काकी."

तो बाहेर गेला. उशाशी बसून एकेक उदबत्ती त्यानं पाण्याच्या भांड्यात बुडवली. चर्र, चर्र असा आवाज होत होता. आत्याबाईंना म्हणाला, "आत्याआजी, दिवा राहू दे. हे नको." आत्याबाई तोंडाला पदर लावून बसल्या. प्रसादनं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि न्यायची वेळ होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

कार्य झाल्यावर फ्लॅट रंगवून घ्यायचं ठरलं. प्रसादला आता तिथेच राहायचंय, बोरिवलीतून काम करायची परवानगी त्यानं मागितलीय. परवा मी गेले तेव्हा घरभर पांढरा रंग लागला होता. आतल्या खोलीत पलंगामागची भिंत मात्र तशीच होती, जुनी, मळकी पिवळी. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर तिथे एक तेलकट, काळपट गोल डाग आहे. दादा गेल्यानंतरही वहिनी रोज संध्याकाळी तिथेच येऊन बसायच्या, त्याच चिंचोळ्या जागेत, उरलेला सगळा पलंग रिकामा ठेवून. रंगारी म्हणत होता, डाग आहे, घासून देतो. प्रसादनं त्याला ती भिंत सोडायला सांगितली. जवळ गेलं की अजून खोबरेलाचा वास येतो.