काजवालीची धास्ती

आमच्या शिलाईखात्यात तिला सगळे काजवाली म्हणायचे. शर्टाची काजं ती हातानं करायची, एकसारखी, दाण्यासारखी. बोलणंही तसंच नेमकं. मी शेजारच्या टेबलावर इस्त्री करायचे, त्यामुळे तिचं बरंवाईट मला आधी कळायचं.

नवरा लवकर गेलेला. एकुलती एक लेक, तीही आमच्याकडेच धागे कापायला. अंगानं इतकी बारीक की तिचं नावच काडी पडलं. "फुंकर मारली तर उडेल गं ही," मी म्हणायचे. "माझ्यावर गेलीय," काजवाली कौतुकानं सांगायची. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणून लग्नानंतरही काडी आईच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि आईकडेच जेवायची.

काडीला दिवस गेले. दवाखान्यात सिस्टरनं तिला काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस किलो.

"मुळातच वजन कमी आहे," सिस्टर काजवालीला म्हणाली. "आईच्या अंगात नसेल तर बाळाच्या अंगात कुठून येणार? बाळंतपणापर्यंत निदान बारा-तेरा किलो वाढायला हवं. दोन घास जास्त घाला हिला, मावशी."

काजवालीनं मान हलवली. घरी येऊन मात्र उलटंच केलं.

त्याला कारण होतं. तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. बाळ मोठं, अडलं, आणि दोन दिवस कळा सोसून दोघंही गेली. चौदा वर्षांची काजवाली तेव्हा दाराबाहेर बसून सगळं ऐकत होती. "खाऊन खाऊन बाळ वाढवलं, म्हणून अडलं," असं कुणी बाई बोलून गेली. ते वाक्य तिच्या मनात जे रुतलं, ते रुतलंच.

काडी दुसऱ्यांदा भात घ्यायला लागली की ती हळूच भांडं मागे सरकवायची. "पुरे गं राणी. बाळ लहान राहिलं की सुटका सोपी होते."

"आई, भूक लागते गं."

"थोडी कळ काढ. मला तू जिवंत हवीस."

पोरगी ताट घेऊन उठायची. एकदा मी माझ्या डब्यातलं उकडलेलं अंडं काडीपुढे केलं. काजवाली रागावली नाही. माझा हात धरून म्हणाली, "नको गं. मी काय पाहिलंय ते तुला माहीत नाही." मी अंडं परत डब्यात ठेवलं. ते ठेवायला नको होतं, हे मला आज कळतं.

आठव्या महिन्यात काटा त्रेचाळीसवर होता. सिस्टर चिडली. काडीनं मळमळीचं निमित्त सांगून आईच्या वागण्यावर पांघरूण घातलं.

दिवस पूर्ण भरून काडी बाळंत झाली, आणि सहज. "बघ, सुटली ना माझी पोर!" काजवालीनं मला मिठी मारली. तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. मुलगी होती. वजन दीड किलो.

बाळाला काचेच्या पेटीत उबेला ठेवलं. दूध ओढायची ताकद तिच्यात नव्हती, नळीनं थेंब थेंब द्यायचे. काडी पेटीत एक बोट घालून बसायची, कारण तळहातभर पाठीवर तेवढंच मावायचं. दहाव्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

काजवालीनं डॉक्टरांना गाठून सरळ विचारलं, "मी हिला पोटभर जेवू दिलं नाही. माझ्यामुळे झालं का?"

डॉक्टर म्हणाले, "तिचं वजन दिवस जायच्या आधीच कमी होतं. नंतरही हवं तेवढं वाढलं नाही. अशा वेळी बाळ कमी वजनाचं होण्याची भीती जास्त असते. पण कारणं आणखीही असतात. एकावरच बोट ठेवता येत नाही."

भला माणूस होता. पण काजवालीच्या कानात शेवटचं वाक्य शिरलंच नाही.

लेक तिला एक शब्द बोलली नाही, आणि तेच तिला सोसेना. "मला बोल गं. शिव्या दे," ती विनवायची. "तू मला वाचवायलाच बघत होतीस ना," एवढंच काडी म्हणायची. मग दोघी रडायच्या, एकमेकींकडे पाठ करून.

दोन वर्षांनी काडीनं पुन्हा मनावर घेतलं. सिस्टरच्या सांगण्यावरून आधी स्वतःचं अंग भरलं, अठ्ठेचाळीस किलोपर्यंत आली, मग दिवस राहू दिले. त्या काळात काजवाली स्वयंपाक करायची, पण वाढायची नाही. "तुझं तू घे. माझा हात नको," म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. पोरीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा काजवाली पुन्हा दाराबाहेर बसली होती, बहिणीच्या वेळेसारखीच. पण ही सुटकाही सुखरूप झाली. मुलगी, दोन किलो आठशे.

आकडा ऐकला आणि काजवाली दवाखान्याच्या फरशीवर बसून रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतेय. मी जवळ गेले तेव्हा ती पुटपुटत होती, "म्हणजे पोटभर खाऊनही सुटका सुखरूप होते, तेव्हाही झालं असतं गं. तेव्हाही झालं असतं."

नात आता शाळेत जाते, आजीकडून गोष्टी ऐकते. खात्यात नव्यानं आलेल्या बायका काजवालीला विचारतात, "नातवंडं किती, मावशी?"

"दोन," ती सांगते. काडी जवळच धागे कापत असते. ती मान वर करत नाही, आणि आईचं म्हणणं खोडतही नाही.