पेशंटनं स्वतः नाव सांगावं

औषध आपण होऊन दाराशी यावं, ही मानवजातीची फार जुनी आस असणार. आमच्या चेन्नईत ती फोनवर पूर्ण होते. फक्त नाव जुळावं लागतं.

बायकोला पार्किन्सन आहे. गोळी वेळेवर पोटात गेली नाही तर हातपाय आखडतात, आवाज घशातच राहतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ती गोळी ठेवणं बंद केलं. "सगळे ऑनलाइनच मागवतात, सार." टी. नगरच्या बाजारापर्यंत विचारून आलो. साड्या हव्या तितक्या होत्या.

म्हणून ऑनलाइन ऑर्डर दिली. मी मूळचा साताऱ्याचा. इथल्या गिंडी भागातल्या कारखान्यात हयात गेली, तरी नाव लिहिताना हात साताऱ्याचाच: तिचं नाव, माझं नाव, आडनाव. डॉक्टरांनी चिठ्ठीवर इथल्या रीतीनं लिहिलेलं: आधी माझ्या नावाचं आद्याक्षर, मग तिचं नाव, आडनाव नाहीच. औषधवाल्या कंपनीतून फोन आला. "सार, चिठ्ठी दुसऱ्या बाईंची आहे."

बायकोला तेव्हा अजून बोलता येत होतं. "अहो, सांगा त्याला," ती म्हणाली, "गोळ्या दोघींनाही लागतात."

मी सांगितलं नाही. अशा ठिकाणी विनोदाचीही तक्रार म्हणून नोंद होते. आता कंपनीची डॉक्टर व्हिडिओवर पेशंटला पाहील, असं ठरलं. ती वेळ येईपर्यंत घरातल्या गोळ्या संपल्या.

"पेशंटनं स्वतः नाव सांगावं," पडद्यावरची तरुण डॉक्टर म्हणाली.

बायको खुर्चीत ताठ बसलेली. ओठ हलले, आवाज नाही.

"मॅडम, जरा मोठ्यानं."

"आवाज यावा म्हणूनच गोळी हवी आहे," मी म्हणालो.

"समजतं, सार. पण नाव त्यांनीच सांगायला हवं."

तिला खरंच समजत होतं. त्यामुळे भांडताही येईना. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. हात उचलेना, म्हणून मी पुसलं. डॉक्टरनं मान खाली घातली आणि काहीतरी टाइप केलं. काय ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुडकं आलं.

गोळी दिली. ती लागू पडायला वेळ घेते, आणि पुढे पुढे कमीच लागू पडेल, असं आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. आम्ही दोघं बायकोचं बोट हलायची वाट पाहत बसलो होतो, तेवढ्यात फोनवर विचारणा आली: आमची सेवा कशी वाटली?

तीनपेक्षा कमी तारे दिले की कारण लिहावं लागतं. मी पाच दिले.