गोळी काकूनंच सोडली

आमची काकू संध्याकाळीसुद्धा छत्री उघडून कपडे वाळत घालायची! खरंच! एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ओली चादर, आणि अर्धी चादर जमिनीवर. चौबे कॉलोनीतली सगळी पोट्टी तिला छत्रीवाली आंटी म्हणायची. काकू हसायची. "ऊन मले चेहऱ्यानं ओळखते रे. दिसली की डसलंच!"

तिला ल्युपस हा उन्हानं उसळणारा आजार होता. म्हणजे रोगाशी लढणारी आतली फौज आपल्याच शरीराशी लढत सुटते. मी हे नेटवर वाचून तिला सांगायला गेले, तर म्हणे, "आपल्या घरासारखंच आहे मग. बाहेरच्यांशी गोड, भांडण घरच्यांशी."

बोटं सुजली की लोणच्याची बरणी माझ्यापुढे यायची. "घे, उघड. माझे हात आज संपावर आहेत." सगळ्याची मजा करायची, फक्त तोंडाची नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झालेला, म्हणून तिनं आरशावर टॉवेलच टाकून ठेवला होता.

या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. रायपुरात उन्हाळ्यात घाण पाण्यानं कुठल्या ना कुठल्या पाऱ्यात-मोहल्ल्यात कावीळ, आमच्याकडचा पीलिया, असतोच, त्यामुळे कोणाला शंकासुद्धा आली नाही. आजी, म्हणजे काकूची सासू, पुरानी बस्तीतून जडीबुटीची माळ घेऊन आली. ती माळ डोक्यावर ठेवतात, मग ती लांबत लांबत खाली उतरते आणि तिच्यासोबत पीलियाही उतरतो म्हणे.

"अन् त्या गरम गोळ्या बंद कर वं," आजी म्हणाली. "लिवर जळून राहिलं तुझं."

काकूला तेच तर हवं होतं! "चला, तोंडाची सूज तरी उतरन!"

माळ कमरेपर्यंत आली. आजीनं पेढे वाटले. आणि काकू उठेचना. पोट पाण्यानं फुगलं, मला भलत्याच नावानं हाक मारायला लागली.

हॉस्पिटलात कळलं, हा पाण्यातून येणारा पीलिया नव्हताच. तिच्याच फौजेनं लिव्हरवर हल्ला केला होता, आणि त्या फौजेला आजवर ती गोळीच अडवून होती.

"दवा किसके कहने से बंद की?" डॉक्टरांनी विचारलं.

आजीनं पलंगाची दांडी घट्ट धरली. काकू त्या दिवशी जरा शुद्धीवर होती.

"मैंने खुद की, सर. मोटी दिखती थी न."

आजी बाहेर गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "तुझ्या आजीले काही बोलू नको, गोळी मीच सोडली. त्यायले अजून जगायचं आहे."

काकू घरी परत आलीच नाही.

मला इतका राग येतो ना! पण कोणावर, तेच समजत नाही. आजी तर तेव्हापासून नीट जेवतसुद्धा नाही. काल भाजी निवडता निवडता मान वर न करताच तिनं विचारलं, "काहून वं, गोळी तिनं सोताच सोडली होती नं?"

"हव, आजी," मी म्हटलं.