कडीला अडकवलेला पंचा

केतकीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "काकू, पप्पा गेले... आज सकाळी. नाश्ता केला, आपल्या रूममध्ये गेले, और बस..." पुढचं तिला मराठीत सांगता येईना. मला भलतंच काहीतरी सुचलं. मी विचारलं, "दाराला पंचा होता का गं?" ती म्हणाली, "होता ना. म्हणून तर दुपारपर्यंत कोणी गेलंच नाही." आणि मग ती रडायला लागली.

केतकीचे पप्पा, मनोहरभावजी, म्हणजे आमच्या यांचे ऑफिसातले सहकारी आणि चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या समोरच्याच दारात राहणारे शेजारी. आम्ही साताऱ्याहून बदलीवर गेलो ते पंजाबातले धास्तीचे दिवस होते. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, पोलीस स्कूटर थांबवून डिकी उघडायला लावायचे, अंधार पडायच्या आत सगळे घरात. तरीही गणपतीत आमचं इवलंसं मराठी मंडळ जमायचंच, फक्त भरदुपारी. भावजी मूळचे वर्ध्याचे. माईक हातात आला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. मंडळातल्या एका कर्नलसाहेबांना त्यांनी फुगडी घालायला लावली, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या मला हाक मारली, "सातारच्या वहिनी, एवढ्या गप्प काहून बाप्पा? इथली मिरची सौम्य निघाली काय?" त्या शहरात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी उत्साहानं मोदकांचा डबा घेऊन गेले. त्यांच्या क्वार्टरची एक छोटी खोली जिन्याकडे उघडायची. तिच्या कडीला लाल काठाचा नागपुरी पंचा अडकवलेला होता. वाळत घातला असेल, असं समजून मी दार वाजवलं. बऱ्याच वेळानं भावजींनी उघडलं. डबा घेतला, "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी तिथंच उभी! आदल्या दिवशी मला हसवणारा माणूस हाच का? मला राग आला आणि राग आला की माझी जीभ आवरत नाही. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी चारचौघींत म्हणाले, "सगळं स्टेजवरचं सोंग आहे हो. घरी ओळखही देत नाहीत." मागं नलूताई, म्हणजे त्यांची बायको, तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "पंचा असला की आम्ही घरचेसुद्धा दार वाजवत नाही." ही गोष्ट अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होती. नवखी मी एकटीच. माझं बोलणं भावजींच्या कानावर गेलं असणारच, पण त्यांनी ते कधी दाखवलं नाही. मीही माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू...

त्याच उन्हाळ्यात हे ऑफिसच्या कामानं जालंधरला गेले. दुसऱ्या दिवशी तिथून सकाळच्या बसनं निघून दुपारपर्यंत घरी पोचायचे होते. त्या दुपारी बातमी आली की त्या रस्त्यावर एका बसवर गोळीबार झाला. कुठली बस, किती वाजताची, कुणालाच सांगता येईना. फोन लागत नव्हते. तासाभरात माझं घर बायकांनी भरलं. कुणी देव पाण्यात ठेवायला सांगत होतं, कुणी नातलगांना कळवलं का विचारत होतं, एक जण तर मला आधीच जवळ घेऊन रडायला लागली. माझा जीव टांगणीला लागलेला, त्यात हा गलबला. एवढ्यात भावजी आले. आता हे बोलायला लागणार, धीर देणार, या कल्पनेनंच मला नको झालं. पण ते बोललेच नाहीत. हळूहळू त्यांनी सगळ्यांना बाहेर नेलं. मग आपल्या कडीचा पंचा काढून आणला, माझ्या दाराबाहेर अडकवला आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर कुणी दार वाजवलं नाही. भावजी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून राहिले. काही विचारलं नाही, "काही होणार नाही" असंही म्हणाले नाहीत. मध्येच उठून त्यांनी चहा केला आणि कप माझ्यापुढं ठेवला. अंधार पडेपर्यंत तसेच बसले, मग नलूताई सोबतीला आल्या. कुणाचं गप्प बसणं इतकं उपयोगी पडू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सकाळी उजाडताच ते स्कूटर काढून बस स्टँडवर गेले. तिथून पुढचं सगळं मला यांच्याकडून कळलं. भावजींनी म्हणे एकेक ड्रायव्हर, कंडक्टर गाठून गप्पा छाटल्या, मोडक्यातोडक्या पंजाबीत. त्यातल्या एकाकडून समजलं की मागची एक बस गोळीबाराचं कळताच आडरस्त्याला वळली आणि एका गावात थांबली. मग एका सरदारजींच्या ट्रकमध्ये बसून, प्रत्येक नाक्यावर पोलिसांना हसवत, "ओ जी, साडा बंदा लैण चल्ले हां", आमचा माणूस आणायला चाललोय, असं सांगत ते त्या गावात पोचले. यांना आणि इतर प्रवाशांना तिथल्या एका शीख कुटुंबानं रात्रभर घरात ठेवून घेतलं होतं. दुपारी भावजी यांना घेऊन दारात उभे राहिले. "घ्या वहिनी, तुमचा माणूस." एवढं म्हणून माझ्या कडीचा पंचा काढला, समोर जाऊन आपल्या खोलीच्या कडीला अडकवला आणि आत गेले. दोन दिवस बाहेर आले नाहीत. या वेळी मला राग आला नाही. मी डबा उंबऱ्याशी ठेवून गुपचूप परतत होते.

आमची बदली झाली तेव्हा सामान बांधताना मी धीर करून विचारलं, "भावजी, तुम्ही त्या खोलीत करता तरी काय?" ते म्हणाले, "काही नाही, बसतो. मला माणसं आवडते हो वहिनी, ते काही सोंग नाही. पण सगळे गेले की माझाच आवाज माझ्या कानात वाजत राहते. तो थांबायला वेळ लागते." सोंग हा शब्द त्यांनी सहज वापरला, की आठवणीनं, कुणास ठाऊक. मी खाली बघून दोरी आवळत राहिले. माफीची ती शेवटची संधी होती, तीही मी घालवली.

भावजी गेल्यावर पाच आठवड्यांनी मी केतकीच्या मोहालीच्या घरी गेले. नलूताई तर कधीच गेल्या, शेवटची आठ वर्षं भावजी लेकीकडेच होते. खोलीच्या कडीला पंचा तसाच होता. काठाचा लाल रंग विटलेला. केतकी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काकू, डॉक्टर बोले, दस मिनिट में सब हो गया था. पण मी नॉक केलं असतं तर... मी तीन वेळा दारापर्यंत येऊन परत गेले."

मी तिला जवळ बसवलं आणि मोदकांच्या डब्यापासून सगळं सांगितलं. सोंगही सांगितलं. ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "त्या दाराशी मीच एकदा चुकले गं, वाजवून. तू नाही चुकलीस."

ती डोळे पुसून उठली, पंच्याला हात घातला, "चलो काकू, अंदर चलते हैं."

"राहू दे," मी म्हटलं. "जरा बाहेरच बसू."