तिसऱ्या शिट्टीच्या आत

माझा नवरा खासदार झाला तेव्हा लोक पेढे घेऊन आले आणि मला मात्र एकच काळजी लागून राहिली: या माणसाला थोडक्यात बोलता येत नाही. आयुष्यभर बंगळुरूच्या उच्च न्यायालयात त्याने मानवी हक्कांचे खटले लढवले. तिथे पाल्हाळ खपतं. घरी मात्र आज भाजी कुठली करू असं विचारलं, तर आधी परवाची भाजी, मग कालची, मग दोन्हींचा साधकबाधक विचार आणि शेवटी, "तुला काय वाटतं?" मी सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मला उत्तर आधी लागतं. कारणं मागाहून सांगा, वेळ असला तर ऐकेन.

तो राजकारणात गेला एका कुलपापायी. होसकोटेकडच्या एका कपड्यांच्या कारखान्यात कामाची पाळी सुरू झाली, की फाटकाला कुलूप लागायचं आणि शिलाईवर बसलेल्या बायका संध्याकाळपर्यंत आत. त्यांच्यात एक होती, तिला लाइनीतल्या सगळ्या अक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. अक्काच्या मुलीला फिट येते. एकदा मुलगी शाळेत पडली, शाळेचा निरोप फाटकापर्यंत आला आणि अक्का पाळी संपेपर्यंत आतच राहिली. नवऱ्याने तो खटला कितीतरी वर्षं लढवला आणि जिंकला. कुलूप निघालं. पुढे तो कारखानाच दुसरीकडे हलला, अक्का शेजारच्या कारखान्यात लागली, तर तिथल्या फाटकाला कुलूप! आदेश आमच्यासाठी नव्हता, असं मालकाचं म्हणणं.

त्या संध्याकाळी नवरा जेवताना म्हणाला, "दर कुलपासाठी वेगळा खटला लढवायचा, तर मला सात जन्म लागतील गं. हे दिल्लीतच बोललं पाहिजे." एक पक्ष बरेच दिवस त्याच्या मागे लागला होता आणि हा हसून उडवून लावत होता. दुसऱ्या दिवशी त्याने होकार दिला. तो निवडून आला याचं आश्चर्य आम्हा दोघांनाही अजून वाटतं.

संसदेत शून्य प्रहर म्हणून एक वेळ असते. त्यात खासदाराला आपला विषय मांडायला दोन-तीन मिनिटं मिळतात, मग पुढचं नाव पुकारतात आणि माइक बंद. पहिल्यांदा त्याची पाळी आली तेव्हा मी जे. पी. नगरच्या घरात टीव्हीसमोर बसले होते. गृहस्थाने सुरुवात केली ती देशातल्या पहिल्या कापड गिरणीपासून! मी टीव्हीवर ओरडले, "अरे, कुलूप! कुलूप बोल!" तो शांतपणे गिरण्यांच्या पहिल्या संपाकडे वळला. "आणि म्हणून, अध्यक्ष महोदय, माझा मुद्दा असा," एवढं म्हणाला आणि माइक गेला. पुढे नुसते ओठ हलत होते.

रविवारी अक्का आणि तिच्या दोन मैत्रिणी दोन बस बदलून आमच्याकडे आल्या. तिघींनी भाषण मोबाइलवर पाहिलं होतं. अक्काने चहाचा कप खाली ठेवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "बीगा एल्ली, सर?" म्हणजे, कुलूप कुठंय? नवरा वरमला. भलेभले न्यायमूर्ती त्याला इतकं गप्प करू शकले नव्हते.

मग मी त्याला हाती घेतलं. दर शनिवारी मी कुकर लावायची आणि हा ओट्याशी उभा राहून भाषण करायचा. आमच्या जुन्या कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत त्याच्या तोंडून कुलूप निघालंच पाहिजे, नाहीतर जेवण उशिरा. सुरुवातीला तो पहिल्या शिट्टीपर्यंत राज्यघटनेतच असायचा.

"अगं, पार्श्वभूमी नको का सांगायला?"

"मुलगी शाळेत पडली आणि आई कुलपाआड होती. यात कुठली पार्श्वभूमी हवी?"

पुढच्या वेळी त्याने मुलीपासूनच सुरुवात केली आणि दुसऱ्या शिट्टीला थांबला. वरणभात मऊ झाला होता आणि माझे डोळे उगाच भरून आले होते.

पुढच्या अधिवेशनात त्याला पुन्हा वेळ मिळाला. त्या रविवारी अक्का आणि तिच्या मैत्रिणी पुन्हा आल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. भाषण झकास झालं. मुलगी, कुलूप, मागणी, संपलं. पण पडद्यावर हा उभाच! अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं तरी हा हात बांधून उभा.

"सर का उभे आहेत?" अक्काने मला विचारलं.

"आदेशाची वाट बघतोय," मी म्हणाले. कोर्टात वकिलाचं बोलणं झालं, की न्यायमूर्ती आदेश सांगतात आणि तो संपेपर्यंत वकिलाने उभं राहायचं असतं. इतक्या वर्षांची सवय. इथे आदेश कोणी देत नाही, हे तो विसरला होता.

अक्का पडद्याकडे पाहून दमदार आवाजात म्हणाली, "सरी, कुत्कोळ्ळी सर!" ठीक आहे, बसा आता. आमचा खासदार पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता, तो मुकाट्याने खुर्चीवर बसला. आम्ही चौघी हसून हसून बेजार झालो.

पण रात्री तो खिडकीशी बसून म्हणाला, "बोललो खरं. आदेश काही मिळाला नाही." त्याला इतकं हिरमुसलेलं मी खटला हरल्यावरही पाहिलं नव्हतं. मलाही वाईट वाटलं.

काही आठवड्यांनी, नवरा घरी असताना, ऐन कामाच्या वेळी अक्काचा फोन आला. मी आधी तेच विचारलं: मुलगी बरी आहे ना?

"बरी आहे, मॅडम. शाळेत आहे. कामगार खात्याचे साहेब येऊन गेले, भाषणाचं विचारत होते. मी आता फाटकाबाहेर उभी आहे."

"मग आत्ता बाहेर कशाला आलीस?"

"काही काम नाही. उगाच. येता येतं का बघायला आले." मागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "सरांना सांगा. आता स्वल्प चहा पिते आणि जाते परत आत."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो ऐकायला उभा राहिला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत उभाच होता.